७७ व्या मिनिटाला दहा हजार फॅन्स उठून गेले : फुटबॉलच्या सीझन तिकिटामागचं पैशांचं गणित

तारीख ६ फेब्रुवारी २०१६. इंग्लंडमधलं लिव्हरपूल शहर, ॲनफिल्ड स्टेडियम. लिव्हरपूलचा संघ संडरलँडविरुद्ध २-० ने पुढे. मॅच खिशात आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

तेवढ्यात घड्याळात ७७ वं मिनिट लागलं आणि स्टँडमधले लोक उठायला लागले. एक रांग उठली, मग दुसरी, मग अख्खे ब्लॉक रिकामे झाले. साधारण दहा हजार लोक आपला संघ जिंकत असताना मैदान सोडून बाहेर पडले. त्यांची पाठ वळली आणि संडरलँडने ८२ व्या आणि ८९ व्या मिनिटाला गोल केले. मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली.

लोक ७७ व्या मिनिटालाच का उठले? कारण क्लबने पुढच्या सीझनसाठी सगळ्यात महागड्या तिकिटाचा दर ७७ पौंड जाहीर केला होता. सोबतच सगळ्यात महाग सीझन तिकीट हजार पौंडांच्या पुढे, १,०२९ पौंडांवर जाणार होतं. ॲनफिल्डच्या इतिहासात असं पहिल्यांदाच होत होतं.

चारच दिवसांत क्लबच्या अमेरिकन मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली.

आता प्रश्न असा, की ज्या क्लबला टीव्हीच्या हक्कांतून आणि प्रायोजकांकडून कोट्यवधी पौंड मिळतात, त्याला तिकिटाच्या दहा-वीस पौंडांसाठी स्वतःच्याच लोकांशी भांडण का घ्यावंसं वाटतं? आणि सीझन तिकीट विकून क्लबला नेमकं मिळतं तरी किती?

सीझन तिकीट म्हणजे काय?

मुंबईकरांना हे समजवायची गरज नाही. लोकलच्या पासला रेल्वेच्या भाषेत सीझन तिकीटच म्हणतात. एकदा पैसे भरायचे, मग महिनाभर किंवा तीन महिने खिडकीवर रांग लावायची नाही.

फुटबॉलचंही तसंच. प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत. प्रत्येक संघ ३८ मॅच खेळतो, त्यातल्या १९ घरच्या मैदानावर. सीझन तिकीट घेतलं की या १९ मॅचसाठी एक ठरलेली खुर्ची तुमची. काही क्लब त्यात कप स्पर्धांच्या मॅचही धरतात. पुढच्या वर्षी तिकीट रिन्यू करण्याचा पहिला हक्कही तुमचाच असतो.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या क्लबांची वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षं चालते. एकदा तिकीट सोडलं, तर ते परत कधी मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून संघ हरत असो, दर वाढलेले असोत, घरात ओढाताण असो, लोक तिकीट सोडत नाहीत. बापाच्या शेजारच्या खुर्चीत लहानाचा मोठा झालेला मुलगा पुढे स्वतःच्या मुलाला घेऊन त्याच रांगेत बसतो. आजूबाजूचे चेहरेही वीस-वीस वर्षं तेच असतात.

फॅनसाठी ही खुर्ची म्हणजे घराचाच एक भाग असतो. क्लबच्या हिशेबात मात्र ती खात्रीची आगाऊ रोकड असते.

क्लबच्या तिजोरीत पैसा येतो कुठून?

कुठल्याही मोठ्या क्लबचं उत्पन्न तीन वाटांनी येतं. टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि जर्सीसारख्या वस्तूंची विक्री, आणि तिसरं म्हणजे मॅचडे, म्हणजे तिकिटं आणि मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये होणारा खर्च.

मँचेस्टर युनायटेडचे शेअर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहेत. त्यामुळे त्यांचा हिशेब सगळ्यांना बघायला मिळतो. ३० जून २०२५ ला संपलेल्या वर्षात त्यांचं एकूण उत्पन्न ६६.६५ कोटी पौंड होतं. त्याची फोड अशी :

- प्रायोजक आणि विक्री : ३३.३३ कोटी पौंड
- प्रक्षेपण : १७.२९ कोटी पौंड
- मॅचडे : १६.०३ कोटी पौंड

म्हणजे प्रत्येक १०० पौंडांतले साधारण २४ पौंड मैदानावरून आले. सध्या एक पौंड म्हणजे साधारण ११५ ते १२५ रुपये. त्या हिशेबाने मॅचडेची रक्कम १,८०० कोटी रुपयांच्या वर जाते.

पण युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं क्लब स्टेडियम आहे. सगळ्या प्रीमियर लीगचा मिळून हिशेब केला, तर मॅचडेचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास येतो. टीव्हीचा वाटा निम्म्याच्या जवळ. मग मॅचडेला एवढं महत्त्व का?

पहिलं कारण : पैसे येतात त्या वेळेमुळे

फुटबॉलचा सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मेमध्ये संपतो. जून-जुलैमध्ये मॅच नसतात. खेळाडूंचे पगार मात्र बाराही महिने चालू असतात. नवीन खेळाडू घ्यायचे असतात तेही उन्हाळ्यातच. मैदानाची डागडुजीही तेव्हाच होते.

म्हणजे खर्चाचा डोंगर समोर आणि गल्ला बंद. अशा वेळी सीझन तिकिटांचा पैसा येतो. रिन्यूअल वसंतात सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत हजारो लोकांनी पूर्ण वर्षाचे पैसे भरलेले असतात. त्या पैशांवर व्याज नाही, बँकेची अट नाही. फॅन्सनी क्लबला दिलेलं ते एक प्रकारचं बिनव्याजी कर्जच असतं.

हिशेबाच्या वहीत मात्र हे पैसे लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाहीत. क्लबने १९ मॅच दाखवायचं कबूल केलेलं असतं. त्यामुळे ते आधी देणं म्हणून धरलं जातं आणि एकेक मॅच झाली की तेवढा हिस्सा उत्पन्नात जातो. कोविडमध्ये याचा अर्थ सगळ्यांना कळला. मॅच प्रेक्षकांविना झाल्या, आणि जे दाखवलंच नाही त्याचे पैसे ठेवताही आले नाहीत.

युनायटेडचं मॅचडे उत्पन्न २०१८-१९ मध्ये ११.०८ कोटी पौंड होतं. २०२०-२१ मध्ये ते अवघ्या ७१ लाखांवर आलं.

दुसरं कारण : मैदान क्लबच्या हातात असतं

टीव्हीचा करार लीग करते. त्यात एकट्या क्लबचं फारसं चालत नाही. युरोपियन स्पर्धेचा पैसा निकालावर अवलंबून, म्हणजे एखाद्या वाईट सीझनने तोही जातो. तिकिटाचा दर मात्र क्लब स्वतः ठरवतो. उद्या सकाळी बैठक घेतली तर दुपारी नवा दर लागू करता येतो.

शिवाय प्रीमियर लीगचे नियम क्लबने किती तोटा करावा यावर मर्यादा घालतात. वर्षानुवर्षं लागू असलेला नियम होता तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोट्याचा. ही मर्यादा ओलांडली की गुण कापले जातात. एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट दोघांनीही २०२३-२४ च्या सीझनमध्ये याचा फटका खाल्ला. त्यामुळे दरवाढ करताना क्लब हमखास एकच कारण देतात : नियमांत बसायचं तर उत्पन्न वाढवावं लागेल.

ऐकायला बरोबर वाटतं. पण आकडे मांडले की दुसरं चित्र दिसतं.

दरवाढीतून खरंच किती मिळतं?

समजा एका मोठ्या क्लबकडे ५० हजार सीझन तिकीटधारक आहेत आणि क्लबने प्रत्येकाचं तिकीट ५० पौंडांनी वाढवलं. एकूण झाले २५ लाख पौंड. ब्रिटनमध्ये तिकिटावर २० टक्के व्हॅट लागतो आणि तो दरातच धरलेला असतो. तो वजा केला की क्लबच्या हातात राहिले साधारण २१ लाख.

आता दुसरी बाजू. युनायटेडचा २०२४-२५ मधला पगारांचा खर्च होता ३१.३२ कोटी पौंड, म्हणजे दिवसाला साडेआठ लाखांच्या वर. तर ५० हजार लोकांच्या खिशातून काढलेल्या त्या जादा पैशांतून अडीच दिवसांचा पगार निघतो.

फॅन्सचा राग इथेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये युनायटेडने सीझन चालू असताना सदस्यांसाठी उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली. आधी ही तिकिटं मोठ्यांसाठी ४० आणि मुलांसाठी २५ पौंडांपासून मिळायची. नव्या दरात मुलांना सवलत नाही, ज्येष्ठांनाही नाही. एका बापाने दोन मुलांना घेऊन जायचं म्हटलं तर १९८ पौंड, म्हणजे २३-२४ हजार रुपये. तेही फक्त एका मॅचसाठी.

त्याच सुमाराला क्लबने मॅनेजर एरिक टेन हाग यांना काढलं होतं. त्यांचा करार जुलैमध्येच वाढवलेला होता आणि ऑक्टोबरमध्ये ते घरी गेले. त्यांची आणि त्यांच्या सहाय्यकांची भरपाई १.०४ कोटी पौंडांवर गेली. वरच्या उदाहरणातल्या दरवाढीचे जवळपास पाच वर्षांचे पैसे एका चुकलेल्या निर्णयात संपले. वर बसलेल्यांच्या चुकीचं बिल आमच्या मुलांच्या तिकिटावर का, असा फॅन्सचा सवाल होता. १ डिसेंबर २०२४ ला एव्हर्टनविरुद्धच्या मॅचआधी ओल्ड ट्रॅफर्डबाहेर निदर्शनं झाली.

पुढच्या सीझनसाठी क्लबने सीझन तिकिटांचे दर पुन्हा ५ टक्क्यांनी वाढवले. १६ वर्षांखालच्या मुलांचे दर मात्र तेवढेच ठेवले.

मग क्लबला नेमका कोण हवाय?

दरवाढीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. सीझन तिकीटधारक हा क्लबसाठी खात्रीचा गिऱ्हाईक असतो, पण सगळ्यात फायद्याचा नसतो.

तो प्रत्येक मॅचसाठी सुट्या तिकिटापेक्षा कमी पैसे देतो. मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी येतो आणि संपली की बसस्टॉप गाठतो. जर्सी त्याच्याकडे आधीच असते. याउलट परदेशातून आयुष्यात एकदा ओल्ड ट्रॅफर्ड किंवा ॲनफिल्ड बघायला आलेला माणूस महागडं तिकीट घेतो, दुकानातून पिशव्या भरून नेतो, स्टेडियमची टूर करतो. यात पुण्या-मुंबईहून किंवा दुबईहून गेलेले मराठी फॅन्सही आले. पहाटेपर्यंत जागून मॅच बघितलेल्या माणसाने एकदा तिथे जायचं स्वप्न बघणं यात काही चूक नाही. पण त्याच्यासाठी जास्त खुर्च्या ठेवायच्या, तर त्या कुणाच्यातरी सीझन तिकिटातून कमी कराव्या लागतात.

आणि सगळ्यात वरती असतो हॉस्पिटॅलिटीवाला, म्हणजे जेवण, लाउंज आणि गादीच्या खुर्चीसकट तिकीट घेणारा. रिअल माद्रिदने बर्नाबेऊ स्टेडियमचं नूतनीकरण केलं, व्हीआयपी जागा वाढवल्या आणि २०२३-२४ मध्ये त्यांचं मॅचडे उत्पन्न एका वर्षात दुप्पट होऊन २४.८ कोटी युरोंवर गेलं. डेलॉइटच्या यादीत वर्षाला एक अब्ज युरोंच्या पुढे जाणारा तो पहिला फुटबॉल क्लब ठरला. लंडनच्या फुलहॅमने नदीकाठी नवा स्टँड बांधला आणि २०२३-२४ साठी तिथलं सगळ्यात महाग सीझन तिकीट ३,००० पौंडांना लावलं. टॉटनहॅमने ज्येष्ठांची सवलत नव्या लोकांसाठी बंद करायचं ठरवलं, तेव्हा आयुष्यभर क्लबच्या मागे फिरलेले आजी-आजोबा फलक घेऊन उभे राहिले.

सीझन तिकीट बंद व्हायला कुणी आदेश काढावा लागत नाही. दरवर्षी थोडे दर वाढवायचे, थोड्या सवलती कमी करायच्या, कुणी सोडलेली खुर्ची पुन्हा सीझन तिकीट म्हणून विकायचीच नाही. दहा वर्षांत स्टँडमधले चेहरे आपोआप बदलतात.

उद्याची तिकिटं आजच विकली तर?

इथपर्यंत गोष्ट महागाईची होती. खरा धोका पुढे आहे.

कोकणात आंब्याला मोहोर दिसला की काही बागायतदार अख्खी बाग कराराने देऊन टाकतात. पैसे आधी हातात येतात, पण पुढे फळ कितीही येवो, ते दुसऱ्याचं. काही फुटबॉल क्लबांनी सीझन तिकिटांचं हेच केलं. फरक एवढाच, की बागायतदार एका हंगामाचा करार करतो आणि क्लबांनी कधीकधी पंचवीस वर्षांचा मोहोर विकला.

१९९९ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने भविष्यातल्या तिकीट उत्पन्नाच्या जोरावर ५.५ कोटी पौंड उभे केले. ते पैसे स्टेडियम वाढवायला गेले. खुर्च्या वाढल्या, तिकिटं वाढली, कर्ज फेडायची सोय झाली. आर्सेनलनेही हाच रस्ता धरला. ३८ हजारांचं हायबरी सोडून २००६ मध्ये ते ६० हजारांच्या एमिरेट्स स्टेडियमवर गेले आणि त्यासाठीच्या कर्जाची २६ कोटी पौंडांच्या रोख्यांत फेररचना केली. पुढची कित्येक वर्षं क्लबने खेळाडूंवर हात आखडता ठेवला, फॅन्स वैतागले, पण कर्ज आटोक्यात राहिलं.

म्हणजे भविष्यातलं उत्पन्न तारण ठेवणं हे मुळात वाईट नाही. त्या पैशाचं काय करता, हा प्रश्न आहे. लीड्स युनायटेडने त्याचं उत्तर चुकवलं.

लीड्स : स्वप्न उधारीवर

२००१ मध्ये लीड्स चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. तरुण संघ, भरलेलं स्टेडियम. अध्यक्ष पीटर रिड्सडेल यांच्या काळात क्लबने मोठमोठे खेळाडू आणले. रिओ फर्डिनांडसाठी १.८ कोटी पौंड मोजले, तो तेव्हा ब्रिटनमधला विक्रम होता.

त्याच वर्षी क्लबने पुढच्या २५ वर्षांच्या तिकीट उत्पन्नाच्या तारणावर ६ कोटी पौंड उचलले. हिशेब सरळ होता. चॅम्पियन्स लीगमध्ये दरवर्षी खेळू, पैसा येत राहील, हप्ते जात राहतील.

पण लीड्सला पुढच्या चॅम्पियन्स लीगची जागा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. हप्ते थांबले नाहीत. २००२ मध्ये फर्डिनांडला विकावं लागलं, तेही कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडला. मग एकेक करून बाकीचे गेले. २००४ मध्ये लीड्स प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्याच वर्षी स्वतःचं एलंड रोड स्टेडियम विकलं. २००७ मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि थेट तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. प्रीमियर लीगमध्ये परत यायला २०२० उजाडलं.

त्या सगळ्या वर्षांत लोक तिकिटं काढतच होते. पण त्यांचे पैसे समोर खेळणाऱ्या संघापेक्षा मागच्या संघाच्या उधारीकडे जात होते.

रेंजर्स : एका पौंडाचा क्लब

स्कॉटलंडच्या ग्लासगोमधली गोष्ट तर सिनेमासारखी आहे.

मे २०११. क्रेग व्हाइट नावाच्या उद्योजकाने रेंजर्स हा बलाढ्य क्लब फक्त एका पौंडाला विकत घेतला. अट अशी, की क्लबवरचं बँकेचं १.८ कोटी पौंडांचं कर्ज त्याने फेडायचं. कर्ज फिटलं. फॅन्सना वाटलं, चला, नवा मालक स्वतःचे पैसे घालतोय.

नंतर बाहेर आलं की पैसे टिकेटस नावाच्या कंपनीकडून आले होते. बदल्यात पुढच्या अनेक सीझनची तिकिटं या कंपनीला आधीच विकली गेली होती. रक्कम होती २ कोटी पौंडांहून जास्त. म्हणजे क्लब विकत घ्यायला लागलेला पैसा त्याच क्लबच्या फॅन्सच्या खिशातून येणार होता, आणि त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

पुढे रोजच्या खर्चाला पैसे पुरेनात. कराचे पैसे थकले. १४ फेब्रुवारी २०१२ ला रेंजर्स प्रशासकाच्या ताब्यात गेला. जूनमध्ये कर खात्याने देण्याच्या तडजोडीचा प्रस्ताव फेटाळला आणि १८९९ पासून चालत आलेली कंपनी दिवाळखोरीत निघाली. क्लबची मालमत्ता ५५ लाख पौंडांत दुसऱ्याने घेतली. क्लब नव्या कंपनीच्या नावाने चौथ्या श्रेणीत, म्हणजे अगदी तळातून सुरू झाला. व्हाइट यांच्यावर फसवणुकीचा खटला चालला, पण २०१७ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. १८ ऑगस्ट २०१२ ला चौथ्या श्रेणीतली घरची पहिली लीग मॅच झाली. समोर ईस्ट स्टर्लिंगशायर नावाचा छोटासा संघ. मैदानात प्रेक्षक होते ४९,११८. चौथ्या श्रेणीच्या मॅचला एवढी गर्दी जगात कुठेच झाली नव्हती.

ज्यांची तिकिटं त्यांना न विचारता विकली गेली होती, तेच लोक पुन्हा पैसे भरून आले होते. कर्ज देणाऱ्या कंपन्यांना सीझन तिकीट हे तारण म्हणून इतकं का आवडतं, याचं उत्तर या आकड्यात आहे. एरवी दुकानाने फसवलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. रेंजर्सचा माणूस सेल्टिकच्या स्टेडियममध्ये जाऊन बसत नाही.

हा प्रकार जुना झाला असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये बार्सिलोनाने बांधकाम चालू असलेल्या कँप नोऊमधल्या ४७५ व्हीआयपी खुर्च्यांचे पुढच्या अनेक वर्षांचे हक्क १० कोटी युरोंना विकल्याचं सांगितलं. दानी ओल्मो या खेळाडूची नोंदणी करायला हिशेबात तेवढं उत्पन्न दाखवणं गरजेचं होतं. एप्रिलमध्ये हे उत्पन्न क्लबच्या हिशेबात दिसत नाही असं म्हणत ला लीगाने बार्सिलोनाची खर्चमर्यादा कमी केली. क्लबने हा आक्षेप मान्य केला नाही.

जर्मनीत वेगळं काय आहे?

बायर्न म्युनिक हा जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एक. तरीही तिथे उभं राहून मॅच बघायचं सीझन तिकीट २०२४-२५ मध्ये २०० युरोंच्या आत मिळत होतं, १७ मॅचसाठी. डॉर्टमुंडचं स्टेडियम ८१ हजारांचं. त्यातली ५५ हजार तिकिटं सीझन तिकीटधारकांची, आणि एका टोकाला जवळपास २५ हजार लोक उभे राहतील अशी प्रसिद्ध पिवळी भिंत.

कारण तिथला ५०+१ नियम. मोजके अपवाद सोडले तर क्लबमध्ये मतदानाचा बहुमताचा हक्क सदस्यांकडे असतो. बाहेरचा गुंतवणूकदार कितीही पैसे घालो, फॅन्सना डावलून दर ठरवणं त्याला सोपं नाही. प्रायोजक आणि महागड्या बॉक्सकडून जास्त घ्यायचं आणि उभ्याने बघणाऱ्याचं तिकीट स्वस्त ठेवायचं, असा तिथला हिशेब. स्टँड भरलेला आणि आवाज दणदणीत असेल तर टीव्हीवर मॅचही चांगली दिसते आणि प्रायोजकही मिळतो, हा त्यातला व्यवहार.

याची किंमतही त्यांना द्यावी लागते. खेळाडू विकत घेताना बरेचसे जर्मन क्लब इंग्लंडच्या पैशांपुढे टिकत नाहीत.

आणि आपल्याकडे?

भारतात सीझन तिकिटावर क्लब चालावा अशी स्थितीच अजून आलेली नाही. इंडियन सुपर लीगच्या क्लबांचा खर्च प्रामुख्याने मालकांच्या खिशातून चालतो. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनाची क्षमता काही हजारांचीच आहे, तिथे सगळ्या खुर्च्या विकल्या तरी परदेशी खेळाडूंचे पगार निघणार नाहीत. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंदच झाला.

जुलै २०२५ मध्ये लीगचे व्यावसायिक हक्क कुणाकडे यावरून सीझन लांबणीवर टाकला गेला, तेव्हा काही क्लबांनी लगेच पगार थांबवले. कारण वरून येणारा पैसा थांबला की खालून आधार द्यायला काहीच नव्हतं. प्रेक्षक नाहीत असं मात्र नाही. कोल्हापुरात तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियमवर होणारी गर्दी आणि फातोर्ड्यात एफसी गोवासाठी येणारे लोक बघितले की ते कळतं. पण त्या ओढीचं नियमित उत्पन्न करायला लागणारं ठरलेलं वेळापत्रक, उद्याही चालेल अशी लीग आणि बसण्याजोगं स्टेडियम, हे सगळं एकत्र अजून जमलेलं नाही. पुढच्या वर्षी लीग होईल का हेच माहीत नसेल, तर वर्षाचे पैसे आधी कोण भरेल?

फॅन्सच्या हातात काय आहे?

तिकीट न सोडणं हा फॅन्सचा कमकुवतपणा असला, तरी सगळ्यांनी एकत्र येऊन काही तासांसाठी जरी खुर्ची रिकामी केली, तर क्लबला ते झेपत नाही.

लिव्हरपूलच्या त्या ७७ व्या मिनिटानंतर महिनाभरातच प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या फॅन्ससाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. शेफील्ड वेन्सडेच्या फॅन्सनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मालकाच्या कारभाराविरोधात मिडल्सब्रोविरुद्धच्या मॅचवर बहिष्कार टाकला. तीस हजारांहून जास्त क्षमतेच्या मैदानात आठ हजारही लोक आले नाहीत. दोनच दिवसांनी क्लब प्रशासकाकडे गेला, आणि जुना मालक बाजूला होताच तेच फॅन्स तिकिटं आणि जर्सी घ्यायला रांगेत उभे राहिले.

आता कायदाही आला आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट मंजूर झाला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांच्या आर्थिक कारभारावर स्वतंत्र नियामक लक्ष ठेवणार आहे. मालक कोण, त्याचा पैसा कुठून येतोय, हे तपासलं जाणार. तिकीट दरांबद्दल फॅन्सशी सल्लामसलत करणंही क्लबना बंधनकारक होणार आहे.

सल्लामसलत म्हणजे परवानगी नाही. शेवटी दर क्लबच ठरवणार. पण पुढच्या वेळी एखादा मालक दुसऱ्याच्या पैशांनी क्लब घ्यायला आला, तर त्या बदल्यात कुणाची खुर्ची विकली जातेय, हा प्रश्न व्यवहार होण्याआधी विचारला जाईल. रेंजर्सच्या लोकांना तो प्रश्न विचारायची संधीच मिळाली नव्हती.